आईच्या कानांसाठी

बर्मिंगहॅम

ती. आईस,
सा. न. वि. वि.

दादा पुढच्या आठवड्यात निघतोय, त्याच्याबरोबर एक छोटी डबी पाठवते आहे. आत चांदीच्या तारेचे कानातले आहेत, मी स्वतः घरी केलेले. ते तुझेच आहेत. कपाटात जपून ठेवू नकोस, घाल.

लग्नातल्या त्या झुमक्यांनी तुझी कानाची पाळी चिघळली, तेव्हापासून व्हिडिओ कॉलवर तुझे कान मोकळेच दिसतात. मला ते बघवत नाही. खोट्या दागिन्यांत पितळेवर सोनेरी मुलामा चढवण्याआधी बऱ्याचदा निकेलचा थर देतात. मुलामा झिजला की घामाबरोबर निकेल कातडीला लागतं, आणि ज्यांना ते सोसत नाही त्यांचे कान असे सुजतात. एकदा अंगाला ते खपेनासं झालं की सहसा जन्मभर खपत नाही. तेव्हा ‘दुसरा सेट घालून बघते’ हे आता बंद.

या तारेत हजारात ९२५ भाग चांदी आहे आणि उरलेलं तांबं. निव्वळ चांदी फार मऊ, कानात अडकवायचा आकडा केला तर आकार धरत नाही. इथे जुनी सोनार-आळी आहे, ज्वेलरी क्वार्टर म्हणतात. तार तिथूनच आणली. चांदी तपासून ठसा मारणारं इथलं कार्यालय १७७३ सालापासून आहे आणि त्याचा ठसा म्हणजे नांगर. शेतातला नव्हे, जहाजाचा! माझ्या कानातल्यांवर तो दिसणार नाही, कारण ७.७८ ग्रॅमपेक्षा हलक्या चांदीला इथे ठसा सक्तीचा नाही.

आधी तांब्याच्या तारेवर हात बसवला. एकाच जागी मागेपुढे वाकवली की तार कडक होते आणि तुटते, अशा किती तुटल्या! चांदीची ०.८ मिलिमीटर जाडीची घेतली, पाच-पाच सेंटिमीटरचे दोन तुकडे. गोल चोचीच्या पकडीने टोकाला कडी वळवायची, मग मार्कर पेनवर तार ओढून बाक द्यायचा. एक पूर्ण करून मग दुसरा घेतला की जोडी जमत नाही. प्रत्येक वळण दोन्ही तुकड्यांना लागोपाठ द्यावं लागतं.

मग तारेच्या बाकावर हातोडीचे हलके ठोके. न ठोकलेला आकडा बोटाने दाबला की उघडतो आणि तसाच राहतो, ठोकलेला परत जागेवर येतो. सगळ्यात जास्त वेळ कानात जाणाऱ्या टोकाला दिला. बारीक पॉलिश पेपरने घासायचं आणि नायलॉनच्या मोज्यावरून फिरवून बघायचं. धागा अडकला की पुन्हा घासायचं. तुझ्या कानात जाणार म्हणून प्रत्येक टोक चार-पाचदा तरी तपासलं असेल.

पहिल्या दिवशी तासभरच घाल. भोक बुजत आलं असेल तर जोर करू नकोस, आधी आपल्या सोनारकाकांना दाखव. चांदी काळी पडली तर घाबरू नकोस, मऊ कापडाने पुसली की उजळते.

आणि हो, तुझ्या तुटलेल्या मोत्याच्या कुड्यांचे सुटे मोती देवघरातल्या डबीत आहेत ना? ते दादाबरोबर परत पाठव. सगळ्यात बारीक मोत्यातून ०.४ची तार जाते का ते मला बघायचंय. कुड्यांसारखीच फुलं करून देईन, सात-सात मोत्यांची.

बाबांना नमस्कार.

तुझी,
धाकटी