जायबंदी गरुडांना पंख पसरण्याएवढी तरी जागा द्या : वनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : निसर्गात परत सोडता न येणाऱ्या गरुड-गिधाडांसाठी मोठे पक्षीगृह उभारण्याबाबत.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

पक्षी बघायला लोक तिकीट काढून रांगा लावतात, याचा मला मनापासून आनंद आहे. राणीच्या बागेत 26 जानेवारी 2020 रोजी पक्ष्यांचे मुक्त विहार दालन सुरू झाले. तिथे डोक्यावरून पक्षी उडत गेला की मुले आनंदाने ओरडतात. पण शिकारी पक्ष्यांना इतर पक्ष्यांबरोबर असे ठेवता येत नाही. त्यांच्यासाठी वेगळी व्यवस्था लागते आणि ती बहुतेक ठिकाणी नाहीच.

एका शहराच्या प्राणिसंग्रहालयात मी सर्पगरुडाची जोडी पाहिली. पिंजरा एवढा अरुंद, की नराने पंख उघडले तर टोके जाळीला घासतील. पंखाखालचा तो रुंद पांढरा पट्टा, जो पावसाळ्यात सह्याद्रीवर घिरट्या घालताना खालून लख्ख दिसतो, तो इथे दिसणारच नव्हता. दोघेही लोखंडी पाइपवर बसले होते. एकाच्या तळपायाला सूज येऊन गाठ झाली होती. वर्षानुवर्षे एकाच जाडीच्या, कडक आणि गुळगुळीत बैठकीवर बसून शिकारी पक्ष्यांना हा आजार होतो. वेगवेगळ्या जाडीच्या, सालीसकटच्या फांद्या बांधल्या आणि काही बैठकींना काथ्याची दोरी गुंडाळली, तरी तो बराच टळतो. याला कोट्यवधी रुपये लागत नाहीत. बाहेर पाटीवर फक्त ‘गरुड’ एवढेच लिहिले होते. लोक क्षणभर थांबत आणि पुढे मकाव पोपटांकडे जात.

असे पक्षी येतात कुठून, हे आपल्या खात्याला ठाऊक आहेच. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये नायलॉन मांजावर बंदी घातली, तरी दर संक्रांतीला घारी कापल्या जातात. कुणाला विजेच्या तारेचा धक्का बसतो, कुणाचे घरटे झाड तोडताना खाली येते. बरेचसे बरे होऊन उडून जातात. ज्याच्या पंखाची शीर तुटली, त्याला सोडणे म्हणजे उपाशी मारणे. त्याचे पुढचे आयुष्य आपल्याच हातात असते.

जागा किती हवी, याचे उदाहरण देशातच आहे. हरियाणातल्या पिंजोरच्या गिधाड प्रजनन केंद्रात गिधाडांचे सामूहिक पिंजरे 100 फूट लांब, 40 फूट रुंद आणि 20 फूट उंच आहेत. तिथे खाद्यासाठी आणलेल्या शेळ्या आधी काही दिवस सांभाळतात. अंगात डायक्लोफेनॅकचा अंश असेल तर तो निघून जावा, म्हणून ही काळजी. जनावराला दुखण्यावर टोचलेले हेच औषध, ते मेल्यावर मांसातून गिधाडांच्या पोटात गेले, त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि पांढऱ्या पाठीची गिधाडे पंधरा वर्षांत 99 टक्क्यांहून जास्त घटली. जनावरांसाठी त्यावर 2006 मध्ये बंदी आली, अॅसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन या गिधाडांना तशाच घातक औषधांवर 2023 मध्ये. गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडे घालते. एवढी मोठी घट भरून यायला किती काळ लागेल, याचा विचार करावा.

जानेवारी 2024 मध्ये पिंजोरहून 20 गिधाडे पुढे निसर्गात सोडण्यासाठी ताडोबा आणि पेंचमध्ये आणली, हे आपल्या राज्याने फार चांगले केले. त्यांचे पिंजरे पर्यटकांना उघडावेत असे मी मुळीच म्हणत नाही. माणसांची सवय लागली तर त्या पक्ष्यांचे नुकसानच आहे. पण म्हणूनच, ज्यांना कधीच सोडता येणार नाही असे पक्षी लोकांना नीट दिसायला हवेत. गोठ्यातल्या बैलाला कोणते इंजेक्शन द्यायचे, हे शेतकरी आणि गावचा पशुवैद्यक ठरवतात. गिधाड जगणार की नाही, हे त्या गोठ्यात ठरते. त्या शेतकऱ्याच्या मुलाने गिधाड कधी जवळून पाहिलेच नसेल, तर त्याने त्याची काळजी का करावी?

माझी मागणी एवढीच आहे. नागपूरच्या गोरेवाड्याला वन्यप्राण्यांचे बचाव केंद्र आहे, जागा आहे, डॉक्टर आहेत आणि ते आपल्याच खात्याकडे आहे. तिथे भारतीय शिकारी पक्ष्यांसाठी लांबलचक पक्षीगृह बांधावे. थोडेफार उडू शकणाऱ्यांना लांबी मिळावी, अजिबात न उडणाऱ्यांना पायरीपायरीने चढता येतील अशा फांद्या असाव्यात. पिसे मोडू नयेत म्हणून तारेच्या जाळीऐवजी मऊ जाळी लावावी. बघणाऱ्यांसाठी एकाच बाजूला आडोसा असावा आणि पक्ष्याला हातावर घेऊन फोटो काढण्याला सक्त मनाई असावी. प्रत्येक पक्षी तिथे कशामुळे आला, मांज्याने की विजेच्या तारेने, हे मराठीत ठळक लिहावे आणि सांगायला एक जाणता माणूस नेमावा.

तोपर्यंत राज्यातल्या सगळ्या प्राणिसंग्रहालयांतल्या गरुड-घारींचे तळपाय आणि बैठकी पशुवैद्यकांकडून तपासून घ्याव्यात, आणि तो अहवाल लोकांसमोर ठेवावा, ही विनंती. हे काम या महिन्यातही सुरू होऊ शकते.

आपला,
विदर्भातील एक पक्षीनिरीक्षक