मामा, अण्णांचं ‘तीन’ तुमच्यामुळे ऐकलं

मामा,
सप्रेम नमस्कार.

रात्रपाळीचे वॉर्डबॉय म्हणून तुम्ही वॉर्डात शिरलात की चारही बाजूंनी ‘ओ मामा’ अशा हाका सुरू व्हायच्या. तुमचं खरं नाव मला डिस्चार्जच्या दिवशी कळलं. ते इथे लिहीत नाही, तुम्हाला संकोच होईल. त्या वॉर्डात ज्यांचं माणूस होतं ते ओळखतीलच.

मिरज म्हणजे डॉक्टरांचं गाव. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये इथे रुग्णालय सुरू केलं, आणि आज कोकणातून, कर्नाटकातून माणसं उपचारांसाठी इथे येतात. माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या डिस्चार्ज कार्डावर चार डॉक्टरांची नावं आहेत. त्या चौघांचे उपकार आहेतच. पण अडुसष्ट किलोच्या, उजवी बाजू लुळी पडलेल्या माणसाला खाटेवरून खुर्चीत कसं घ्यायचं, हे त्या कार्डावर नव्हतं. ते तुम्ही शिकवलंत. आमचं गेलं वर्ष त्यावर निघालं.

ज्या पहाटे अर्धांगाच्या झटक्यानं अण्णांची वाचा गेली, त्या पहाटे आम्ही त्यांना जिन्यावरून कसं उतरवलं हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो. आमचा जिना अरुंद, मध्येच वळणारा. शेजारच्या दोघांनी काखेत हात घातले, मी पाय धरले. ते दोघे हाकेसरशी धावून आले, त्यांना मी कधीच बोल लावणार नाही. पण लुळ्या बाजूच्या खांद्याला स्नायूंचा आधार उरलेला नसतो, त्या हाताला किंवा काखेला धरून ओढलं की सांधा खाली निसटतो, हे आमच्यापैकी कुणाला ठाऊक होतं? तो खांदा पुढे सात महिने दुखत होता.

आणि तेच मी तिसऱ्या रात्री पुन्हा करत होते. अण्णा खाटेवर पायथ्याकडे घसरले होते, मी उशाशी उभी राहून काखेत हात घालून त्यांना वर ओढत होते. तुम्ही दारातूनच म्हणालात, “ताई, हात सोडा त्यांचा.” आवाज चढलेला नव्हता, पण मी दचकून हात सोडला.

मग तुम्ही आधी अण्णांकडे गेलात. त्यांच्या डोळ्यांसमोर वाकून म्हणालात, “अण्णा, तुम्हाला जरा वर घेतो हां. डावा पाय दुमडा, मी तीन म्हटलं की रेटा.” तीन दिवसांत त्यांच्याशी असं कुणी बोललं नव्हतं, मीसुद्धा नाही. त्यांना बोलता येत नाही म्हणून आम्ही सगळे त्यांच्या डोक्यावरून एकमेकांशीच बोलत होतो.

एक चादर दुमडून, त्यांना कुशीवर वळवून, खांद्यापासून मांड्यांपर्यंत अंगाखाली घातलीत. खाटेचं डोकं सपाट केलंत. दोन्ही कडा गुंडाळून मुठी अगदी त्यांच्या अंगाजवळ आणायला लावल्यात. “एक पाय म्होरं, एक मागं. गुडघ्यात वाका, कमरेत न्हाई. उचलायचं न्हाईच, मागच्या पायावरचं वजन पुढच्या पायावर घ्यायचं. बस.” एक, दोन, तीन. अण्णा अलगद उशीपर्यंत आले. माझ्या हातांना काही जाणवलंसुद्धा नाही. मी दोन दिवस घामाघूम होऊन जे करत होते, ते एका जुन्या चादरीनं झालं.

त्या रात्री तुम्ही मला माकडहाडावरची लाल जागा दाखवलीत. बोट दाबून सोडलं तरी तिची लाली जात नव्हती. बेडसोर एका जागी पडून राहिल्यानं होतो एवढं मी ऐकून होते. पण ओढताना कातडी चादरीला धरून राहते आणि आतलं मांस पुढे सरकतं, त्या घसटण्यानंही कातडी आतून फाटते, हे पहिल्यांदा कळलं. म्हणून ओढायचं नाही, चादरीसकट सरकवायचं. दर दोन तासांनी कूस बदलायची, गुडघ्यांमध्ये उशी, टाचा खाटेला टेकू द्यायच्या नाहीत. घरी आल्यावर मी एका वहीत वेळा मांडल्या: दहा, बारा, दोन, चार, डावी कूस, उजवी कूस, पाठ. ती वही भरली, पण अण्णांना एकही जखम झाली नाही.

खुर्चीचा धडा तुम्ही सकाळी ड्युटी संपल्यावर दिलात, घरी जायची वेळ टळून गेलेली असताना. चाकाची खुर्ची नेहमी चांगल्या बाजूला, म्हणजे आमच्या अण्णांच्या डाव्या हाताला. ब्रेक लावायचे, पायपट्ट्या वर करायच्या. खाटेच्या कडेला बसवून दोन मिनिटं थांबायचं, कारण बरेच दिवस आडव्या पडलेल्या माणसाचा रक्तदाब उठल्याबरोबर उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. पावलं जमिनीवर सपाट. त्यांच्या लुळ्या गुडघ्याला समोरून आपला गुडघा टेकवायचा, म्हणजे तो दुमडत नाही. मग त्यांना पुढे झुकवायचं, नाक पायाच्या अंगठ्यावर येईपर्यंत. तेवढं झुकलं की माणूस बैठकीवरून जवळजवळ आपला आपणच सुटतो.

अण्णांनी डावा हात माझ्या गळ्यात टाकला, तो तुम्ही हळूच काढून खुर्चीच्या हातावर ठेवलात. “गळ्यात पडू द्यायचं न्हाई ताई. माया मनात ठेवा, मान सांभाळा.” आणि मग तुमच्या स्वतःच्या कमरेची गोष्ट सांगितलीत. नोकरीला लागल्यावर चौथ्या वर्षी एकट्यानं एका पेशंटला उचलताना कंबर धरली, दोन महिने अंथरुणात, कंत्राटी म्हणून पगार बंद. नंतर एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी तुम्हाला हे सगळं शिकवलं. “आधी कुणी सांगितलं असतं तर कंबर वाचली असती,” एवढंच म्हणालात. तक्रारीचा सूर नव्हता. मला मात्र अजून राग येतो. रात्रपाळीला संपूर्ण वॉर्डात तुम्ही एकटे. मदतीला हाक मारायची तर ती नातेवाइकांनाच.

घरी आल्यावर मी याबद्दल मिळेल ते वाचलं. अमेरिकेत कामाच्या जागेच्या सुरक्षिततेवर काम करणारी नायॉश नावाची सरकारी संशोधन संस्था आहे. तिथल्या थॉमस वॉटर्स यांनी २००७ मध्ये हिशेब मांडला की परिस्थिती अगदी अनुकूल असली तरी एका माणसानं पेशंटचा ३५ पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे सोळा किलोंपेक्षा जास्त भार नुसत्या हातांनी घेऊ नये. त्यापुढे यंत्र हवं. मामा, माणसाचा एक पायच त्याच्या वजनाच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतका असतो, अण्णांचा म्हणजे अकरा किलो. तुम्ही एका रात्रीत असे किती सोळा किलो उचलले असतील? झोळीत बसवून उचलणाऱ्या होइस्टचं चित्रही मी तेव्हाच पाहिलं. आपल्याकडे तो प्रत्येक वॉर्डात का नसावा, निदान सरकवायच्या गुळगुळीत चादरी तरी का नसाव्यात, आणि डिस्चार्जच्या आधी अर्धा तास काढून घरच्या माणसांना हे का शिकवू नये? घरोघरी सुना, मुली, म्हाताऱ्या बायका आपली कंबर मोडून घेत आहेत. हा खर्च कुठल्याच बिलात दिसत नाही.

डिस्चार्जच्या संध्याकाळी तुम्ही सायकल काढून आमचा जिना बघायला आलात. हाताची लाकडी खुर्ची निवडलीत, ती हलवून, दाबून पाहिलीत. अण्णांना छाती-कमरेशी बांधलंत, लुळा हात मांडीवर घेतलात. चढताना पाठ जिन्याकडे, उतरताना तोंड जिन्याकडे. थोडक्यात, वर काय, खाली काय, डोकं नेहमी वरच्या बाजूला. महिन्यानं तपासणीला नेताना अण्णांना खुर्चीतून उतरवत होतो, तेव्हा आत्या दारात आडव्या झाल्या, जित्या माणसाचे पाय आधी बाहेर काढू नयेत म्हणून. मी त्यांना तुमचं कारण सांगितलं. त्या बाजूला झाल्या, आणि खाली पोहोचेपर्यंत रामरक्षा म्हणत राहिल्या.

चौथ्या महिन्यात न्हाणीघराच्या दाराशी अण्णांचा गुडघा अचानक गेला. “पडणाऱ्याला धरून ठेवायला जाऊ नका, दोघंबी पडाल. त्याला आपल्या मांडीवरनं खाली घसरू द्या, डोकं तेवढं सांभाळा.” हे मी तुमच्याकडून एकदाच ऐकलं होतं. हातांनी ते आपोआप केलं. अण्णा माझ्या मांडीवरून फरशीवर टेकले, मी त्यांच्या डोक्याखाली हात ठेवून बसले. उठवायची घाई केली नाही. कुठे दुखतंय का पाहिलं, उशी दिली, पांघरूण घातलं, शेजाऱ्यांना हाक मारली. ते दोघेच आले, त्या पहाटेचेच. त्यांनी काखेकडे हात नेले तेव्हा मी म्हणाले, “थांबा, चादर आणते.”

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते सांगते. डाव्या मेंदूला इजा झाल्यानं अण्णांचे शब्द गेले होते. पाण्याला पाणी म्हणता येत नव्हतं, मला हाक मारता येत नव्हती. उठवताना मी तुमच्यासारखंच आधी सांगायची आणि मोजायची. दुसऱ्या महिन्यात एका सकाळी मी ‘एक, दोन’ म्हणाले आणि श्वास घ्यायला थांबले. अण्णा म्हणाले, “तीन.” आणि उठले.

वाचा-उपचार करणाऱ्या मॅडमनी नंतर समजावलं, की आकडे, वार, आरत्या असं वर्षानुवर्षं तोंडात बसलेलं कधी कधी शाबूत राहतं, मोजताना सोबत म्हणत गेलं की ते बाहेर येतं. तुम्हाला हे माहीत होतं की नव्हतं, मी विचारलं नाही. तुम्ही त्या रात्रीपासून अण्णांच्या डोळ्यांत बघून मोजलंत, मी तुमचं बघून मोजत राहिले.

आज अण्णा काठी घेऊन खिडकीपर्यंत जातात. आत्तापर्यंत तीस-चाळीस शब्द आलेत.

निवारीचा रुंद पट्टा घेऊन मी आमच्या शिंप्याकडून पेशंटच्या कमरेला बांधायचे दोन पट्टे शिवून घेतले, धरायला दोन्ही बाजूंना कड्या, मागे एक. एक अण्णांचा. दुसरा तुमच्या वॉर्डासाठी आहे. तिथे आणून दिला असता, पण अण्णांना तो स्वतःच्या हातानं द्यायचाय. सुट्टीच्या दिवशी चहाला या. जिना तुमच्या ओळखीचा आहे.

तुमची,
खाट नंबर सातच्या अण्णांची मुलगी