सहा लाखांचा हिशेब

महोदय,
मिसरातून (इजिप्तमधून) बाहेर पडलेल्या इस्राएल लोकांची संख्या वीस लाखांवर होती, असे अनेकदा सांगितले जाते. बायबलातील गणना या पुस्तकात वीस वर्षांवरील, लढाईस योग्य पुरुष 6,03,550 आहेत, लेवी, म्हणजे उपासनेची सेवा करणारा वंश, वगळून. बायका-मुले धरली की वीस लाख सहज होतात. पण त्याच पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात प्रथम जन्मलेले पुत्र अवघे 22,273! भागाकार करून पाहा : एका थोरल्यामागे सत्तावीस प्रौढ पुरुष. म्हणजे प्रत्येक आईला किमान तेवढे मुलगे, मुली वेगळ्याच. शिवाय बायबलातील निर्गम या पुस्तकात इब्री (म्हणजे इस्राएली) सुइणींची नावे दोनच, शिफ्रा आणि पुवा. बिचाऱ्यांना झोप कधी मिळत असेल?

‘एलेफ’ या हिब्रू शब्दाचा अर्थ हजार, तसाच कुळ किंवा तुकडी असाही होतो. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांनी हाच धागा धरून 6,03,550 म्हणजे 598 हजार अधिक 5,550 नव्हे, तर 598 कुळे आणि त्यांतली 5,550 माणसे, असा हिशेब मांडला. लेवींच्या 22,000 या आकड्याला मात्र तो नीट लागू पडत नाही. तरीही मला तो सहा लाखांपेक्षा पटतो, कारण बायबलातील ‘अनुवाद’ या पुस्तकात इस्राएलांना स्पष्टच म्हटले आहे, की तुम्ही सर्व राष्ट्रांत संख्येने थोडके होता.

— एक वाचक, मिरज