स्वादुपिंडावर चाकूची घाई नको

‘ऑपरेशन कधी?’ असे विचारून आम्ही भावाच्या डॉक्टरांना भंडावून सोडले होते. पित्ताशयातल्या खड्यामुळे त्याच्या स्वादुपिंडाला सूज येऊन काही भाग मृत झाला, त्यात जंतुसंसर्ग. मृत भागाभोवती भिंत तयार व्हायला साधारण ४ आठवडे लागतात; त्याआधी पोट उघडले तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील चाचणीत आधी पोटात नळी घालून संसर्ग झालेल्या द्रवाचा निचरा केलेल्या गटातल्या ३५ टक्के रुग्णांना पुढे शस्त्रक्रिया लागलीच नाही. भावाचेही नळीवरच निभावले. आता त्याला मधुमेह जडलाय. स्वादुपिंडाच्या अशा आजारानंतर मधुमेह होऊ शकतो, याबद्दल घरी सोडताना कुणी चकार शब्द काढला नव्हता. निदान एक छापील कागद तरी हातात द्यावा.

– एक वाचक, सातारा