शिकागोहून बंड्याला

प्रिय बंड्या,

सात महिन्यांत ना पत्र, ना फोन. रागावला असशील, हक्कच आहे तुझा. तब्येत ठीक, गुडघा होता तसाच.

काल लेकीने इथलं विद्यापीठ दाखवलं. २ डिसेंबर १९४२ ला शास्त्रज्ञ फर्मीची पहिली अणुभट्टी चालली ती एका फुटबॉल मैदानाच्या स्टँडखाली. लोक तिथल्या शिल्पाचे फोटो काढत होते. मी मैदानाच्या नावापाशीच अडकलो. स्टॅग फील्ड. आता तिथे ग्रंथालय आहे.

अमॉस अलोन्झो स्टॅग. धर्मोपदेशक व्हायचं म्हणून येल विद्यापीठात गेलेला माणूस मैदानात रमला. १८९२ पासून ४१ हंगाम शिकागोचा कोच. (इथला फुटबॉल, अंडाकृती चेंडूचा.) मग विद्यापीठ म्हणालं, सत्तरी झाली, आता थांबा.

बंड्या, मलाही मार्चमध्ये शाळेने खो-खो शिकवायचं थांबवलं. 'मार्गदर्शक' केलं. बक्षीस समारंभाला पहिल्या रांगेत खुर्ची, पण मैदानावर यायचं नाही. संध्याकाळचे पाच वाजले की हात शिवशिवतात. परवा लेकीने धुवायच्या पँटच्या खिशातून शिट्टी काढली, पुसून टेबलावर ठेवली. बोलली काहीच नाही.

स्टॅग गेला कॅलिफोर्नियात, स्टॉक्टनच्या छोट्या कॉलेजात. तिथे १४ हंगाम. १९४३ ला, वयाच्या ८१व्या वर्षी, देशातला सर्वोत्तम कोच ठरला. तिथूनही निघावं लागलं, तर पेनसिल्व्हेनियात स्वतःच्या पोराच्या जोडीला उभा राहिला. शेवटी पुन्हा स्टॉक्टनला, पोरांना फक्त किक शिकवायला. १९६० मध्ये थांबला तेव्हा ९८ वर्षांचा होता. हुद्दा लहान होत गेला, पण मैदान सुटलं नाही.

आपल्या खो-खोच्या सरांच्या निरोपाला आपण भांडलो होतो, आठवतं? 'वय झालं की खांब सोडावा,' तू म्हणालास. पहिल्याच मिनिटाला बाद होणारा तू, तुला खांबाचं काय कळणार! पण शाल-नारळ मीच दिला, टाळ्याही वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सर कुंपणाबाहेर सायकल धरून उभे होते. 'आत या' म्हणालो का आपण? तूही नाहीस, मीही नाही. काल ग्रंथालयासमोर तीच सायकल दिसत राहिली. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

वहिनींचा मोतीबिंदू काढला का? हापूसचं कलम जगलं का?

पुढच्या महिन्यात परततोय. तुमच्या गावच्या शाळेच्या पटांगणात ते दोन खांब अजून आहेत ना? संध्याकाळी किती पोरं येतील, विचारून ठेव. फक्की मी आणतो.

तुझाच,
अण्णा