मोबाइलला दोरीचं भोक परत द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मोबाइलच्या पाठीवर चिकटवायच्या रिंगा, पट्टे आणि गोल बटणं यांची ‘तरुणाईचे चोचले’ म्हणून यथेच्छ थट्टा केलेली वाचली. माझं वय ५७. गेली दोन वर्षं माझ्या मोबाइलच्या पाठीवर असाच एक चोचला आहे, आणि तो का आहे ते सांगायला हे पत्र.

मी ग्रंथपाल आहे. वर्षातून एकदा पुस्तकांची पडताळणी असते. पूर्वी त्यासाठी एक जण खाली रजिस्टर घेऊन बसायचा, दुसरा शिडीवरून दाखल क्रमांक ओरडायचा. आता मोबाइलने बारकोड वाचायचा. म्हणजे डावा हात शिडीला, उजव्या हातात मोबाइल, आणि बटण दाबायला अंगठा त्याच उजव्या हाताचा. दोन वर्षांपूर्वी चौथ्या पायरीवरून अंगठा वरच्या कोपऱ्यापर्यंत ताणायला गेले आणि मोबाइल निसटला. तो नेमका खाली बसलेल्या एका वाचकाच्या उघड्या शब्दकोशावर आपटला. शब्दकोश जाडजूड, म्हणून काच वाचली. त्या गृहस्थांनी आधी पानावरचा आपला शब्द बोटाने धरून ठेवला, मग न बोलता दुसऱ्या हाताने मोबाइल वर दिला. ती नजर मी विसरलेले नाही.

त्या संध्याकाळी पार्सलच्या काट्यावर मोबाइल ठेवला. कव्हरसकट २२८ ग्रॅम. पट्टीने रुंदी मोजली, ७६ मिलिमीटर. २००७ सालचा पहिला आयफोन ६१ मिलिमीटर रुंद आणि १३५ ग्रॅमचा होता; २०२४ चा गॅलॅक्सी एस२४ अल्ट्रा ७९ मिलिमीटर आणि २३२ ग्रॅम. माणसाची वीत मात्र २००७ मध्ये होती तेवढीच आहे. जाहिरातीत पडद्याचे इंच सांगतात ते कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे. मुठीला त्यांचं काही नसतं, तिला रुंदी कळते. त्यात बिनतारी चार्जिंगसाठी पाठ धातूची चालत नाही, म्हणून ती काचेची केली. मोठा, जड आणि वर गुळगुळीत.

मग आपण काय करतो, तर करंगळी खाली आधाराला लावतो. सगळं ओझं त्या बिचारीवर. माझ्या करंगळीला खळगा पडला होता. पुढे अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखू लागलं. डॉक्टरांनी अंगठा मुठीत घेऊन मूठ करंगळीच्या बाजूला झुकवायला सांगितली आणि मी खुर्चीतून उठलेच! तिथल्या स्नायुबंधाच्या आवरणाला सूज येते. हे दुखणं फ्रिट्झ द कर्वेन या स्विस शल्यविशारदाने १८९५ मध्येच नोंदवून ठेवलंय, तेव्हा ते काही मोबाइलने जन्माला घातलेलं नाही. पण माझ्या बाबतीत डॉक्टरांनी दोनच प्रश्न विचारले: मोबाइल किती मोठा, आणि कुठल्या हाताने धरता.

तेव्हा आधी धातूची रिंग आणली. कव्हर सिलिकॉनचं, त्यावर ती दुसऱ्याच दिवशी उचकटली. सिलिकॉनवर ही चिकटपट्टी धरत नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मग टणक प्लास्टिकचं कव्हर घेतलं, स्पिरिटने पुसलं, रिंग दाबून बसवली आणि रात्रभर हात लावला नाही. ती टिकली. पण मोबाइल बिनतारी चार्जरवर ठेवला की नुसता तापायचा, कारण मध्ये धातू. शिवाय सहा-आठ महिन्यांत रिंगेची बिजागरी सैल झाली आणि ती पैंजणासारखी वाजू लागली. वाचनालयात! शेवटी लवचीक पट्टा लावला, त्यात मधली दोन बोटं सरकवायची. बोटांनीच मोबाइल तोलला जातो, त्यामुळे मूठ आवळावी लागत नाही, करंगळी मोकळी आणि अंगठा हवा तिथे पोचतो. टेबलावर मोबाइल सपाट राहतो. मळतो फार, आणि वर्षभरात ढिला पडतो, तेव्हा बदलायचा. तोच आजही आहे.

फुग्यासारखं बाहेर येणारं गोल बटण मी वापरलेलं नाही, पण त्याला चोचला म्हणण्याआधी लेखकाने त्याचा जन्म पाहायला हवा होता. ते काढलं कोलोरॅडो विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या डेव्हिड बार्नेट यांनी. २०१० मध्ये इअरफोनच्या वायरीचा गुंता होतो म्हणून त्यांनी मोबाइलच्या पाठीवर कपड्याची दोन मोठी बटणं चिकटवली, वायर गुंडाळायला. त्यातून पुढे हे निघालं. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाला तरुणाईत कोणी धरणार असेल तर माझी हरकत नाही.

आता मुद्द्याचं. माझ्या टेबलाच्या खणात जुना बटणांचा मोबाइल आहे. त्याच्या खालच्या कोपऱ्यात बारीक भोक आहे, दोरी ओवायचं. तेव्हा कित्येक मोबाइलना ते असायचं. छोट्या कॅमेऱ्यांना अजून असतं. मुठीत सहज मावणाऱ्या वस्तूला दोरीची सोय होती, आणि मुठीत न मावणाऱ्या वस्तूची ती काढून घेतली! आता दोरी लावायची तर एक पातळ चकती मोबाइल आणि कव्हरच्या मध्ये सरकवायची आणि तिचं टोक चार्जिंगच्या खिडकीतून बाहेर काढायचं. मी करून पाहिलं. सगळा भार कव्हरच्या काठावर येतो. कव्हर मऊ असेल तर झटक्यासरशी दोरी आणि कव्हर हातात राहतं, मोबाइल जमिनीवर.

भोकासाठी मोबाइलच्या आत जागा उरत नाही असं कारण कोणी देईल, तर ते मला पटत नाही. ॲपलने २०१२ च्या आयपॉड टच या गाणी ऐकायच्या यंत्राला पाठीवर दाबलं की वर येणारी एक छोटी गुंडी दिली होती, मनगटाच्या दोरीसाठी. तो केवढा पातळ होता! त्याच कंपनीने २०२५ मध्ये खांद्यावरून अडकवायचा पट्टा काढला, तर त्याची भोकं मोबाइलला नाहीत, वेगळ्या विकत घ्यायच्या कव्हरला. २०२४ च्या सीएमएफ फोन १ च्या पाठीवर मात्र कोपऱ्यात स्क्रू आहे, तिथे दोरी थेट मोबाइललाच लागते. म्हणजे जमतं. पडद्याचा आकार तुम्हाला हवा तो ठेवा, पण धरायची सोय त्याच डब्यात द्या, एवढंच मागणं आहे. पकडायची जबाबदारी गिऱ्हाइकाची आणि त्याने ती पार पाडली की त्याला हसायचं, असं चालू नये.

जाता जाता, पुरवणीतल्या चित्रात रिंग कॅमेऱ्याला खेटून चिकटवलेली दाखवली आहे. तिथे लावली तर अंगठा खालच्या ओळीपर्यंत पोचत नाही आणि बोट फोटोत येतं. मोबाइल एका बोटावर आडवा तोलून पाहावा, जिथे तोल साधतो त्याच्या बोटभर खाली रिंग लावावी. ही दुरुस्ती तेवढी छापावी, ही विनंती.

आपली,
एक ग्रंथपाल
(नाव प्रसिद्ध करू नये. शब्दकोशवाले गृहस्थ आपलं वृत्तपत्र रोज वाचतात.)