मेट्रोच्या दारात गाड्यांचे मजले

महोदय,

वनाज मेट्रो स्थानकापासून चालत सहा-सात मिनिटांवर आमची सोळा सदनिकांची जुनी सोसायटी असून सध्या तिच्या पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत. गेल्या सभेत वास्तुविशारदांनी नकाशे मांडले, तेव्हा खालचे तीन मजले केवळ गाड्यांसाठी असून पहिले घर त्यांच्यावर सुरू होते, हे पाहून सभासद चकित झाले. सोळापैकी सात घरांत मोटार नाही. ‘आम्हाला जागा नकोच असेल तर?’ या प्रश्नावर ‘नियमाप्रमाणे दाखवावीच लागते’ एवढेच उत्तर मिळाले.

मेट्रो स्थानकाच्या पाचशे मीटर परिघात, भूखंड आणि रस्त्याची रुंदी पाहून, अधिमूल्य म्हणजे जादा शुल्क घेऊन ४ पर्यंत चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या चौपटीपर्यंत बांधकाम, दिले जाते, ते लोकांनी स्थानकाजवळ राहून मेट्रोने ये-जा करावी म्हणून. त्याच इमारतीत मोटारींच्या जागेची सक्ती केली, तर मेट्रोसाठी वाढवलेल्या घरांबरोबर रस्त्यावरच्या मोटारीही वाढतात. एका मोटारीची जागा कागदावर अडीच बाय पाच मीटर असते. रॅम्प आणि वळायची जागा धरली की ती सहज दुप्पट, म्हणजे सुमारे पावणेतीनशे चौरस फूट होते. एवढ्यात पुण्यातली कितीतरी कुटुंबे संसार करतात! शिवाय स्टिल्टमधील, म्हणजे इमारतीखालच्या खांबांवरच्या मोकळ्या मजल्यातील, पार्किंग ही सामाईक जागा असून ती स्वतंत्रपणे विकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले आहे. साहजिकच तिचा खर्च सदनिकेच्या दरात मुरतो आणि मोटार नसलेलाही तो फेडतो.

सक्ती काढल्यास गाड्या रस्त्यावर येतील, हा आक्षेप मला मान्य आहे, पण त्या आजही रस्त्यावरच आहेत. ओळखीच्या एका नव्या इमारतीत यांत्रिक पार्किंगच्या खड्ड्यात पावसाळ्यात पाणी साचते, गाडी वर-खाली नेणाऱ्या पॅलेटवर जुन्या कुंड्या आणि मोडका फ्रिज ठेवलेला असतो आणि गाड्या फाटकाबाहेर ओळीने उभ्या असतात. बाहेर फुकट मिळत असताना आत कोण लावणार? महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने २०१८ मध्ये रस्त्यावरच्या सशुल्क पार्किंगचे धोरण मंजूर केले, पण त्याची अंमलबजावणी वर्षानुवर्षे रखडली. इमारतीतली सक्ती काढणे आणि रस्त्यावर शुल्क घेणे, हे दोन्ही निर्णय एकत्रच घ्यावे लागतील.

मोटारीशिवाय जिथे पान हलत नाही, त्या कॅलिफोर्नियानेही प्रमुख स्थानकांपासून अर्ध्या मैलातील इमारतींवरची किमान पार्किंगची अट काही अपवाद वगळता १ जानेवारी २०२३ पासून काढून टाकली. आपणही स्थानकांच्या परिघात मोटारींसाठी किमान संख्येऐवजी कमाल मर्यादा घालावी आणि दुचाकी-सायकलींची सोय मात्र कायम ठेवावी. आमचे नकाशे लवकरच मंजुरीला जातील, त्यात हे तीन मजले बहुधा तसेच राहतील. परंतु पौड रस्त्यावर पुनर्विकासाच्या रांगेत असलेल्या इतर जुन्या सोसायट्यांचे नकाशे अजून कागदावर उतरायचे आहेत.

— एक सभासद, कोथरूड, पुणे